ई१००० की व्हर्टआयओ?

निपाणीच्या भाच्यानं दुकानातल्या सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स टाकलंय, म्हणजे एकाच यंत्रावर अनेक आभासी संगणक (व्हीएम) चालवणारं सॉफ्टवेअर. परवा विचारत होता, "मामा, व्हीएमला नेटवर्क कार्ड कुठलं देऊ?"

पर्याय दोन, ई१००० आणि व्हर्टआयओ; खर्च दोन्हीला शून्य. ई१००० म्हणजे इंटेलच्या जुन्या १ गिगाबिट कार्डाची नक्कल. विंडोज ते लगेच ओळखतं, पण नक्कल करता करता सीपीयू दमतो. व्हर्टआयओ हे व्हीएमसाठीच बनवलेलं कार्ड; ते असली सोंगं करत नाही, म्हणून हलकं आणि वेगवान. लिनक्समध्ये त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) २००८पासून आहेच; विंडोजला मात्र वेगळी आयएसओ (सीडीसारखी फाईल) जोडून तो टाकावा लागतो.

बेळगावात मी एकदा चालू विंडोजचं कार्ड बदललं. त्याला ते नवंच वाटलं, स्थिर आयपी (नेटवर्कवरचा ठरवून दिलेला पत्ता) गायब! बिलिंग बंद, गिऱ्हाईक दारात.

लिनक्स असेल तर डोळे झाकून व्हर्टआयओ. विंडोजवर रोजचा मोठा बॅकअप असेल तरी तेच, फक्त ड्रायव्हर आधी. दिवसाला चार बिलं निघणारं जुनं सॉफ्टवेअर असेल, तर ई१००० राहू दे.