जुन्या लॅपटॉपवर नुसतं आयडब्ल्यूडी: काही महिने वापरल्यावर

परवा लाइट गेली, राउटर बंद. मोबाइल यूएसबीने जोडून नेट घ्यायला गेलो तर लॅपटॉप ढिम्म. त्या वैतागात हे लिहायला घेतलं.

४ जीबी रॅमचा जुना थिंकपॅड, त्यावर डेबियन लिनक्स. चालतोय तोवर नवा घ्यायचा नाही, म्हणून पावसाळ्यात सगळ्या नेट जोडण्या सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर आणि त्याच्यासाठी वायफाय जोडणारा डब्ल्यूपीए सप्लिकंट दोन्ही काढून टाकले, आणि त्यांच्या जागी आयडब्ल्यूडी हे वायफाय जोडणारं एकच सॉफ्टवेअर ठेवलं. रॅम वाचते, पण अगदी थोडी. ब्राउझरचा एखादा टॅब बंद केला तरी त्याहून जास्त सुटते. खरं सुख वेगळंच आहे. झाकण उघडून पासवर्ड टाकेपर्यंत वायफाय लागलेलं असतं. पूर्वी ते गोल फिरणारं चिन्ह बघत बसावं लागायचं. दिवसातून कितीदा तरी झाकण उघडतो, आणि दर वेळी बरं वाटतं. फक्त आयडब्ल्यूडीच्या सेटिंगमध्ये 'एनेबल नेटवर्क कॉन्फिगरेशन' ट्रू (म्हणजे चालू) करायला विसरू नका, नाहीतर वायफाय जोडलेलं दिसतं आणि नेटसाठी लागणारा आयपी पत्ताच मिळालेला नसतो.

आयडब्ल्यूडीत प्रत्येक नेटवर्कची एक साधी टेक्स्ट फाइल बनते, ती उचलून दुसऱ्या मशीनवर टाकली की काम झालं. आमच्या वायफायचं नाव देवनागरीत 'घर' आहे. त्याची फाइल शोधताना मात्र डोळे दुखतात: फाइलच्या नावात 'घर'ऐवजी बरोबरचं चिन्ह (=) आणि पुढे बारा हेक्स अंक (०-९ आणि ए-एफ वापरून लिहिलेले), एका अक्षराला सहा. इंग्रजी नावं जशीच्या तशी दिसतात, आपली नाहीत. मला हे फार खटकतं.

आता यूएसबीचं. आयडब्ल्यूडी फक्त वायफाय सांभाळतं; मोबाइल वायरच्या कार्डासारखा दिसतो आणि त्याच्यासाठी पत्ता मागणारं कुणीच नसतं. लिनक्समधली नेटवर्क सांभाळणारी सिस्टमडी-नेटवर्कडी ही सेवा चालू करून डीएचसीपीची (आपोआप पत्ता मागण्याची) चार ओळींची फाइल लिहिली, लगेच नेट आलं. पण पुढच्या वेळी लॅपटॉप सुरू करताना नेटवर्कडीची 'वेट ऑनलाइन' ही नेट लागायची वाट बघणारी सेवा दोन मिनिटं अडून बसली, कारण वायफाय नेटवर्कडीच्या ताब्यात नाही. ती सेवा बंद केल्यावर सगळं सुरळीत. सुरुवातीचा वैताग आता उरलेला नाही. हीच जोडी ठेवणार.

भाचीच्या लॅपटॉपवर मात्र नेटवर्कमॅनेजरच ठेवला. तिला व्हीपीएन लागतं, आणि स्टेशनवरच्या वायफायचं लॉगिन पान आपोआप समोर यायला हवं. नेटवर्कमॅनेजरला वायफाय बॅकएंड म्हणून, म्हणजे आतून वायफाय जोडायला, आयडब्ल्यूडी देता येतं. तसं केलंत तर वर सांगितलेलं आयपीचं सेटिंग बंद ठेवा, नाहीतर दोघंही पत्ता मागत बसतात.