बंद बॉक्स की हवी तीच मिनी?

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा एकेका पात्राची भूमिका घेऊन टेबलाभोवती खेळायचा गोष्टीचा खेळ. तो खेळायला एकही मिनी, म्हणजे पात्राची किंवा प्राण्याची छोटी मूर्ती, लागत नाही, हे आधीच सांगतो. फासे, कागद, पेन्सिल आणि चार-पाच माणसं एवढ्यावर खेळ रंगतो. पण टेबलावर चौकोनांचा नकाशा अंथरला, एक इंच म्हणजे पाच फूट असा हिशेब धरला आणि कोण कुठे उभा आहे ते सगळ्यांना दिसायला लागलं, की निम्मी वादावादी तिथंच मिटते. मग मिनी घ्यायच्याच असं ठरतं. प्रश्न एवढाच उरतो, की आत काय आहे ते माहीत नसलेला सीलबंद बॉक्स घ्यायचा, की हवी ती मिनी निवडून घ्यायची?

छत्रपती संभाजीनगरात आमचा पाच जणांचा गट दर रविवारी सिडकोतल्या एका घरी बसतो. दोन्हीकडे आम्ही पैसे घातलेत, त्यामुळे जे लिहितोय ते अनुभवाचं आहे.

माळेगावच्या यात्रेत ज्यानं सोरट काढलंय, त्याला हा बंद बॉक्स काय असतो ते समजावून सांगावं लागत नाही. रंगवलेल्या मिनी अशा बॉक्समधून विकायला हा खेळ काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीनं 2003 मध्ये सुरुवात केली. 2014 पासून विझकिड्स या कंपनीची ‘आयकॉन्स ऑफ द रेल्म्स’ ही मालिका आहे. तिच्या एका बूस्टरमध्ये, म्हणजे एका बंद बॉक्समध्ये, साधारण 4 मिनी असतात, त्यात बहुधा एक मोठ्या आकाराची आणि बाकीच्या माणसाएवढ्या. 8 बूस्टरच्या गठ्ठ्याला ब्रिक म्हणतात, म्हणजे एकदम 32 मिनी. काही सहज निघतात, काही क्वचित, आणि ज्या क्वचित निघतात त्यांच्यावरच सगळ्यांचा डोळा असतो.

तो डोळा किती महागात पडतो ते बघा. समजा एका संचात 16 दुर्मिळ मिनी आहेत, प्रत्येक बूस्टरमध्ये त्यातली एक येते आणि सगळ्यांची शक्यता सारखी आहे. तुम्हाला त्यातली एकच ठरावीक हवी आहे. अख्खी ब्रिक फोडली तरी ती हाती लागण्याची शक्यता 40 टक्क्यांच्या आसपास राहते. तेव्हा एका मिनीसाठी बॉक्स घेऊ नका. हे मी कुणालाही ठामपणे सांगेन.

पण डंजन मास्टरचं, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या आणि राक्षस चालवणाऱ्या डीएमचं, गणित वेगळं असतं. त्याला एक मिनी नको असते, जमाव हवा असतो. आमच्या पहिल्या बॉक्समधून बेडूकतोंड्या माणूस निघाला, दुसऱ्यातूनही तोच. फोडणारा मित्र परभणीचा. तो ओरडलाच, “आरं, दुसरा बी बेडूकच की!” त्या दिवशी सगळ्यांना वाईट वाटलं. पुढच्याच महिन्यात दलदलीतल्या लढाईत ते दोन्ही बेडूक एका वेळी टेबलावर होते आणि तिसरा असता तर बरं झालं असतं असं मला मनापासून वाटलं. गोब्लिन, सांगाडे, लांडगे, डाकू हे टोळीनंच येतात, त्यांचे डबल वाया जात नाहीत. एखादा नाव असलेला सरदार दोनदा निघाला, तर मात्र दुसऱ्याचं काय करायचं हा प्रश्न पडतो.

आणि तिथंच मराठवाड्यातली खरी अडचण सुरू होते. परदेशात दुकानदार पेट्याच्या पेट्या फोडून सुट्या मिनी विकतात, खेळणारे आपापसात अदलाबदल करतात. बॉक्सचा तोटा असा भरून निघतो. आपल्याकडे लातूर, नांदेड, परभणीत खेळणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तुमच्या डबलला गिऱ्हाईक नाही, तो खणातच राहतो. शिवाय अमेरिकेतच एक बूस्टर साधारण 20 डॉलरला मिळतो. आपल्याकडे आयात खेळण्यांवरचं सीमाशुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्क्यांवर आणि 2023 मध्ये 70 टक्क्यांवर गेलं. परदेशातून पार्सल मागवताना ते खेळण्यांत धरलं गेलं तर काय होईल, याचा हिशेब आधी करा.

आणखी एक गोष्ट उन्हाळ्याची. या मिनी मऊ प्लास्टिकच्या असतात. मे महिन्यात आलेल्या आमच्या एका पार्सलमधल्या भालाईताचा भाला पार वाकला होता. कढत पाण्यात अर्धा मिनिट धरला, बोटानं सरळ केला आणि लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवला. तेव्हापासून सरळ आहे. गाडीच्या डिकीत मात्र मिनी ठेवू नका.

तुम्ही डीएम नसाल, खेळाडू असाल, तर तुम्हाला एकच मिनी लागते आणि ती वर्ष-दोन वर्षं तुमच्यासोबत राहणार असते. ती न रंगवलेली घ्या. विझकिड्सचीच ‘नोल्झर्स मार्व्हलस मिनिएचर्स’ नावाची मालिका आहे. तिच्यावर प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर, आधीच मारलेला असतो, पाकिटात काय आहे ते बाहेरून दिसतं. चार-पाच अॅक्रेलिक रंग आणि शून्य नंबरचा ब्रश पुरे. आपल्या हवेत रंग पॅलेटवर बघता बघता वाळतो, म्हणून डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग घ्या. माझ्या धर्मगुरूच्या झग्याची किनार रंगवायला मला तीन संध्याकाळी लागल्या. पातळ केलेला तपकिरी रंग घड्यांत उतरला आणि चेहऱ्यावर एकदम जीव आला. बॉक्समधून रंगून आलेली कुठलीच मिनी मला इतकी जवळची वाटली नाही.

घरीच मिनी छापायला रेझिनचा थ्रीडी प्रिंटर घ्यायचा विचार असेल तर हातमोजे, अल्कोहोलनं धुणं, वास आणि हवेशीर वेगळी खोली हे सगळं धरूनच करा. लहान मुलं असलेल्या टू-बीएचकेत मी तरी करणार नाही.

आणि ज्यांचं बजेट दोनशे रुपयांच्या आत आहे, त्यांनी मन छोटं करू नये. लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये 300 जीएसएमचा जाड कार्ड मिळतो. त्यावर पुढून-मागून चित्र छापून मधे दुमडलं, की ए-फोर पानात सोळा-एक उभ्या आकृत्या बसतात. 2011 च्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणं 25 मिलिमीटरचं आहे, चौकोनात बरोबर बसतं. चित्र नसेल तेव्हा आम्ही तेच ठेवतो. पोळ्याला आणलेला मातीचा बैल दोन बाय दोन इंचांच्या जागेत उभा केला, तर मिनोटॉर म्हणून तो कुणाला खटकत नाही. आमच्याकडे त्याचं एक शिंग तुटलंय, तरी सगळे त्याला घाबरून असतात.

तेव्हा डीएम असाल, खेळ निदान वर्षभर चालेल याची खात्री असेल आणि गटातले सगळे वर्गणी काढायला तयार असतील, तर एक ब्रिक घ्या. सुटे बूस्टर अधूनमधून घेत बसू नका, त्यात पैसा कधी गेला ते कळत नाही. फोडायच्या आधी वाटणी ठरवा. आमच्याकडे राक्षस आणि जनावरं सगळी डीएमच्या डब्यात जातात, माणसासारखी जी निघेल तिच्यावर चिठ्ठी टाकतो. नुकतीच सुरुवात असेल, तर कागदी आकृत्यांवर सहा महिने खेळा आणि तोवर नेमके कोणते प्राणी परत परत लागतात ते वहीत लिहून ठेवा. आमच्या वहीत सगळ्यात वर लांडगे आहेत, सात वेळा.