आरटी सरावाचं ॲप: बोलण्यात काठावर नापास, ऐकण्यात पहिला नंबर

पायलटच्या परवान्यासाठी आरटीची, म्हणजे रेडिओवरच्या बोलण्याची, तयारी करणाऱ्यांमध्ये सध्या एका ॲपची बरीच चलती आहे. जाहिरात अशी की हेडसेट लावून रोज थोडा वेळ बसा, टॉवरमधल्या कंट्रोलरशी अस्खलित बोलायला लागाल. मी गेले काही महिने ते वापरतेय. अस्खलित बोलण्यासाठी घेणार असाल तर घेऊ नका. पण मेन्यूत पार शेवटी ढकललेला एक भाग आहे, त्याच्यासाठी जरूर घ्या.

आधी नावडतं उरकते. मुख्य सराव असा: स्पेसबार दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. टॉवर क्लिअरन्स (परवानगी) देतो, आपण रीडबॅक द्यायचा, म्हणजे तीच सूचना परत म्हणून दाखवायची, ॲप गुण देतं. आता आरटीत थ्रीला ‘ट्री’, फाइव्हला ‘फाइफ’ आणि नाइनला ‘नायनर’ म्हणायचं, हे अगदी सुरुवातीलाच शिकवतात. रेडिओच्या खरखरीत आकडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून. ॲपला नेमकं तेच समजत नाही. ‘ट्री’ म्हटलं की आकड्याच्या जागी स्क्रीनवर झाडाचं स्पेलिंग उमटतं आणि गुण कापले जातात. नियमाप्रमाणे बोललात तर नापास, गप्पा मारल्यासारखं बोललात तर पास!

हे एकवेळ हसून सोडून देता येईल. पण रनवेच्या अलीकडे ‘होल्ड शॉर्ट’ करायला सांगितल्यावर मी मुद्दाम नुसतं ‘रॉजर’ म्हणून पाहिलं, तर हिरवी टिक आली. हे भयंकर आहे. रॉजर म्हणजे तुमचं बोलणं पोचलं, एवढंच. काय पोचलं ते त्यात कुठेच नाही. रनवेवर शिरणं, तो ओलांडणं, त्याच्या अलीकडे थांबणं, टेक-ऑफ, लँडिंग, उंची, हेडिंग (विमानाची दिशा), अल्टिमीटर (उंची दाखवणारं उपकरण) सेटिंग हे सगळं जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं असतं, आणि सोबत आपला कॉलसाइन, म्हणजे विमानाचं रेडिओवरचं नाव. सरावातच ‘रॉजर’वर सुटका होत असेल तर तीच सवय अंगवळणी पडणार. विद्यार्थ्यांच्या ॲपमध्ये ही चूक राहतेच कशी?

आता त्या शेवटच्या भागाकडे. इथे तुम्ही पायलट नसता, कंट्रोलरच्या खुर्चीत असता. समोर विमानांच्या स्ट्रिप्स (माहितीच्या पट्ट्या), कानात सात-आठ जणांचे आवाज, उच्चार देशोदेशीचे. सूचना द्यायची, आलेला रीडबॅक ऐकायचा, आणि चुकला असेल तर पुढचा कुणी बोलायच्या आत पकडायचा. या पकडण्याला हिअरबॅक म्हणतात. परीक्षेच्या तयारीत आम्ही सगळे रीडबॅक घोकतो. हिअरबॅकचं नाव कुणी काढत नाही, कारण ते ‘त्यांचं’ काम.

चुका पेरल्या आहेत त्या मात्र कसलेल्या हाताने. एक प्रसंग सांगते. तुम्ही ४५१ नावाच्या विमानाला फ्लाइट लेव्हल वन वन झिरोपर्यंत, म्हणजे साधारण ११,००० फुटांपर्यंत, उतरायला सांगता. तेवढ्यात शेजारच्या सेक्टरचा फोन वाजतो. पायलटचा आवाज शांत, सराईत: ‘डिसेंडिंग लेव्हल वन झिरो झिरो, फोर फाइफ वन.’ कॉलसाइन बरोबर, लय बरोबर, आत्मविश्वास तर पुरेपूर. फक्त उंची १,००० फुटांनी कमी, आणि त्या उंचीवर आधीच दुसरं विमान आहे. आपल्या कानाला वन वन झिरो अपेक्षित असतं, म्हणून त्याला तेच ऐकू येतं. (हा घोळ टाळायलाच ‘वन झिरो झिरो’ऐवजी ‘वन हंड्रेड’ म्हणण्याची पद्धत आली. ॲपमध्ये दोन्ही प्रकार लावून बघता येतात, फरक चटकन कळतो.) पुढच्या पातळीवर ४५१च्या जोडीला ४१५ येतो आणि एकाची सूचना दुसराच उचलतो. त्याहून वाईट म्हणजे ‘स्पीड टू वन झिरो’ला ‘हेडिंग टू वन झिरो’ असं उत्तर येतं. आकडा तंतोतंत बरोबर, अर्थ पार वेगळा.

खऱ्या अपघातांवरचे धडेही याच भागात आहेत. संवाद नटांकडून पुन्हा वाचून घेतलेत, ते बरं केलंय. स्पेनच्या तेनेरिफे बेटावरच्या अपघाताचा धडा एकट्याने सगळी किंमत वसूल करतो. २७ मार्च १९७७, धुकं, रनवेवर समोरासमोर दोन जंबो: एक केएलएम कंपनीचं, एक पॅन ॲमचं. ॲप तो प्रसंग तीन खुर्च्यांवरून ऐकवतं. टॉवरमध्ये बसून ऐकलं तर सगळं सुरळीत वाटतं. केएलएमने ‘वुई आर नाउ ॲट टेक-ऑफ’ म्हटलं, कंट्रोलरने ‘ओके’ म्हटलं, किंचित थांबून ‘स्टँडबाय फॉर टेक-ऑफ, आय विल कॉल यू’ असं जोडलं. पॅन ॲमच्या खुर्चीत बसलात तर तुम्ही घाईघाईने सांगताय की आम्ही अजून रनवेवरच आहोत. मग केएलएमच्या खुर्चीत बसा. ‘ओके’ स्वच्छ ऐकू येतं, आणि त्यापुढे नुसती शिट्टी.

विमानांचा व्हीएचएफ रेडिओ एएमवर चालतो. एकाच वेळी दोघांनी बटण दाबलं की ऐकणाऱ्याच्या कानात शिट्टी वाजते, आणि बोलणाऱ्या दोघांना आपल्यावर कुणी बोललं याचा पत्ताच नसतो. केएलएमचं विमान धावत राहिलं, पॅन ॲमवर आदळलं, ५८३ माणसं गेली त्या दिवशी. त्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं, असा दंडक पडला. हे मी पाठ केलं होतंच. तिन्ही खुर्च्यांवरून ऐकल्यावर आता तोंडून चुकूनही दुसरं निघत नाही.

मलेशियातल्या सुबांगचा धडा छोटा पण झणझणीत. १९८९मध्ये फ्लाइंग टायगर कंपनीच्या मालवाहू विमानाला २,४०० फुटांवर उतरायला सांगताना कंट्रोलर ‘डिसेंड टू फोर झिरो झिरो’ म्हणाला. त्यातला ‘टू’ आकडा होता. कॉकपिटमध्ये तो ‘पर्यंत’ झाला, उत्तर आलं ‘ओके, फोर झिरो झिरो’, आणि ते कुणी अडवलं नाही. विमान डोंगरावर आदळलं, चौघेही गेले.

आविआंका ५२ या फ्लाइटचा धडा मात्र मला पटला नाही. जानेवारी १९९०, न्यूयॉर्क, इंधन संपून विमान पडलं, १५८पैकी ७३ मृत्युमुखी. ॲपचा निष्कर्ष एका ओळीत: पायलटने ‘इमर्जन्सी’ शब्द वापरला नाही. खरं आहे, कॅप्टनने सांगूनही फर्स्ट ऑफिसरने तो उच्चारला नाही, आधी ‘प्रायॉरिटी’ मागितली होती. पण एक तास सतरा मिनिटं होल्डिंगमध्ये घिरट्या घातल्यावर त्यांनी सांगितलं होतं की आणखी पाचच मिनिटं थांबता येईल आणि पर्यायी विमानतळाला, बॉस्टनला, आता पोचता येणार नाही. यातलं बॉस्टनचं बोलणं एका कंट्रोलरकडून पुढच्याकडे गेलंच नाही. ऐकणं शिकवणाऱ्या ॲपने हीच कडी गाळावी? सगळं खापर बोलणाऱ्याच्या माथी मारून मोकळे झालेत.

आणखी एक उणीव. रीडबॅक बरोबर आला की ॲप प्रसंग तिथेच संपवतं. टोकियोच्या हानेदा विमानतळावर जानेवारी २०२४मध्ये कोस्ट गार्डच्या विमानाला ‘नंबर वन’ (रांगेत पहिलं) म्हणून रनवेच्या अलीकडच्या होल्डिंग पॉइंट सी-५पर्यंत यायला सांगितलं होतं. रीडबॅक चोख आला. तरीही ते रनवेवर जाऊन उभं राहिलं आणि उतरणारं जपान एअरलाइन्सचं विमान त्याच्यावर आदळलं. कोस्ट गार्डचे पाच जण गेले, प्रवासी विमानातले ३७९ मात्र सगळे बाहेर पडले. म्हणजे रीडबॅकनंतरही स्क्रीनवर ते विमान हलत राहायला हवं, आणि बोलल्याप्रमाणे थांबतंय का हे बघायची जबाबदारी आपल्यावर हवी. ही सूचना मी कळवली आहे, उत्तर आलेलं नाही.

तोवर माझा सल्ला: बोलण्याचा सराव बरोबरच्या विद्यार्थ्याशी करा, एकाने टॉवर व्हायचं, एकाने विमान. ॲप उघडलंत की थेट शेवटच्या टॅबवर जा आणि सेटिंगमध्ये आवाजाची ‘सुधारणा’ बंद करा. ती चालू ठेवली तर खरखर गाळली जाते आणि चुका पकडणं फारच सोपं होतं.