इको की स्पोर्ट? ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या बाजूने एक तुलना

इको मोडने गिअरबॉक्स टिकतो आणि स्पोर्टने झिजतो, असं सर्रास सांगितलं जातं. इंधनापुरतं ते बरंचसं खरं आहे. झिजेचा हिशोब मात्र वेगळा लागतो.

बटण दाबल्याने गिअरबॉक्समधला एकही भाग बदलत नाही. ॲक्सिलरेटर किती दाबल्यावर इंजिनाने किती जोर लावायचा आणि कोणत्या वेगाला गिअर वर टाकायचा, असे संगणकाचे आडाखे बदलतात. काही गाड्यांत तर फक्त ॲक्सिलरेटरची चपळाई बदलते, शिफ्टिंग होतं तसंच राहतं. तुमची गाडी त्यातली असेल तर पुढची अर्धी चर्चा तुमच्यासाठी नाही. आधी गाडीचं माहितीपुस्तक बघा.

आधी ॲव्हरेज. इकोमध्ये वरचा गिअर लवकर पडतो, टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनाचा जोर तेलामार्फत गिअरबॉक्सला पोचवणारा भाग) लॉक-अप क्लचही, म्हणजे दोघांना थेट जोडणारा क्लचही, बऱ्याच गाड्यांत लवकर बसतो आणि तेलातून जोर पोचवताना वाया जाणारी ताकद वाचते. काही गाड्यांत एसीही थोडा मवाळ होतो. थांबत-निघत चालवताना हा फरक जाणवतो. मोकळ्या रस्त्यावर एकाच वेगाने जाताना मात्र इको आणि नॉर्मल दोन्ही टॉप गिअरला, लॉक-अपमध्येच असतात. तिथे निवडण्यासारखं फार उरत नाही. स्पोर्ट तिथेही अनेकदा खालचाच गिअर धरून बसतो आणि विनाकारण पेट्रोल पितो.

आता झीज. ऑटोमॅटिकचा खरा शत्रू उष्णता. गिअरबॉक्सचं तेल तापलं की लवकर खराब होतं आणि मग क्लच प्लेट्स घसरू लागतात. स्पोर्टमध्ये आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) जास्त, म्हणून उष्णताही जास्त. पण अनेक गिअरबॉक्स स्पोर्टमध्ये तेलाचा दाब वाढवून गिअर झटकन बदलतात, त्यामुळे प्लेट्स कमी वेळ घासतात. त्या झटक्याचा ताण माउंटिंग आणि ड्राइव्ह शाफ्टवर जातो. इकोचा मऊ शिफ्ट म्हणजे थोडं जास्त घासणं. तेवढं डिझाइनमध्ये धरलेलं असतं.

खरी गंमत चढावर. भरलेली गाडी इकोमध्ये घाट चढताना चौथा-तिसरा-चौथा असं करत राहते. प्रत्येक वेळी लॉक-अप सुटतो, कन्व्हर्टर घसरतो, तेल तापतं. अशा वेळी स्पोर्ट किंवा मॅन्युअल मोडमध्ये एकच गिअर धरून चढणं गिअरबॉक्सला कितीतरी सोयीचं. इंधनाचंही फार नुकसान होत नाही, कारण इकोमध्येही तुम्ही पाय खोलवर दाबूनच चढत असता. उतारावर खालचा गिअर ठेवला तर इंजिन ब्रेकिंग मिळतं, म्हणजे इंजिनच गाडीला रोखून धरतं, आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असेपर्यंत इंधनाचं इंजेक्शन बहुतेक बंदच असतं. तेव्हा पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणं हा शुद्ध वेडेपणा: इंजिन आयडलवर इंधन पीत राहतं आणि इंजिन ब्रेकिंगही गमावलेलं असतं.

एएमटी (साध्या गिअरबॉक्सचा क्लच आणि गिअर यंत्राने चालवणारी) आणि ड्राय क्लचच्या, म्हणजे तेलात न बुडालेल्या क्लचच्या, डीसीटीत (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) टॉर्क कन्व्हर्टर नसतो. तिथे मोडपेक्षा सवय महत्त्वाची. ट्रॅफिकमध्ये इंच-इंच सरकताना क्लच सतत घासतो, मग इको असो वा स्पोर्ट. पुढे जागा होऊ द्या, मग एकदम निघा. आणि चढावर गाडी ॲक्सिलरेटरने नाही, ब्रेकने धरा.

माझा कौल नॉर्मलला. सपाट रस्त्यावर, गर्दीत इको; चढाला आणि ओव्हरटेकला स्पोर्ट; आणि स्नो मोड कोरड्या रस्त्यावर अजिबात नाही, कारण अनेक गाड्यांत तो दुसऱ्या गिअरपासून निघतो. गिअरबॉक्सच्या तेलाचा खर्च मात्र कोणताच मोड टाळू देत नाही. ‘आयुष्यभर पुरेल’ असं सांगून भरलेलं असलं, तरी झेडएफसारखी गिअरबॉक्स बनवणारी कंपनीच ते ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरदरम्यान किंवा आठ वर्षांत बदलायला सांगते.