खंडणी भरली तरी फॉरमॅट चुकत नाही
रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणीसाठी फाइली अडकवून ठेवणाऱ्या घातक प्रोग्रॅमने, सगळ्या फाइली लॉक केल्या, बॅकअपची डिस्क सर्व्हरला जोडलेलीच होती म्हणून तीही गेली, आणि पडद्यावर मुदतीचं घड्याळ उलटं पळतंय. आमच्या छोट्या कार्यालयात हे घडलं तेव्हा भरायचं की नाही, हे ठरवणं माझ्याकडे आलं. आम्ही भरलं नाही. तरी भरणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पहिले दोन दिवस मीही भरायच्याच बाजूचा होतो.

त्या बाजूला वजन आहेच. २०१९ मध्ये बाल्टिमोर शहराकडे १३ बिटकॉइन मागितले होते, तेव्हाचे सुमारे ७६ हजार डॉलर. शहराने नकार दिला आणि नुकसान १ कोटी ८० लाख डॉलरच्या पुढे गेलं. नुसत्या आकड्यांकडे पाहिलं तर भरणं स्वस्त वाटतं. शिवाय पैसे दिले की फाइली उघडणारी किल्ली, म्हणजे कोड, बहुतेकदा मिळते. ती मिळेनाशी झाली तर पुढचा कोण पैसे देईल?

माझं मत फिरलं ते कामांची यादी करायला बसलो तेव्हा. किल्ली फाइली उघडते, आत शिरलेल्याला बाहेर काढत नाही. आमच्याकडे ते रिमोट लॉगिनच्या कच्च्या पासवर्डवरून आले होते आणि मागे काय पेरून गेलेत हे सांगता येत नव्हतं. म्हणजे पैसे भरूनही प्रत्येक मशीन फॉरमॅट करायचं, सगळे पासवर्ड बदलायचे, सगळं पुन्हा बसवायचं. वर प्रत्येक फाइल सोडवून ती धड आहे का हे तपासायचं काम वेगळं. हल्लेखोरांनी नमुन्यादाखल एक साधं पत्र सोडवून दिलं. हिशेबाचा डेटाबेस मात्र मोठा आहे म्हणून घेतलाच नाही. आमचा जीव तर त्यातच अडकला होता.

आयर्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेचं उदाहरण मला इथे फार बोलकं वाटतं. मे २०२१ मध्ये तिने खंडणी नाकारली, तरी आठवडाभरात टोळीने किल्ली फुकट दिली. एवढं होऊनही यंत्रणा पूर्ववत व्हायला सप्टेंबर उजाडला.

चोरलेला डेटा पुसून टाकण्याच्या वचनासाठी पैसे द्यायचे असतील, तर माझ्या मते देऊच नयेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये पोलिसांनी लॉकबिट टोळीचे सर्व्हर ताब्यात घेतले, तेव्हा पैसे भरलेल्यांचाही डेटा तिथे सापडला.

न भरण्याची किंमत आम्हीही मोजली. दुसरीकडे पडून असलेली दोन महिन्यांपूर्वीची एक प्रत मिळाली. मधल्या नोंदी कागदी बिलांवरून आणि ग्राहकांनी परत पाठवलेल्या ईमेलवरून पुन्हा भरल्या. तीन आठवडे लागले. एकही जुनी प्रत नसती, किंवा रुग्ण खाटेवर ताटकळत असता, तर मी इतक्या ठामपणे बोललो असतो का, सांगता येत नाही.

कुठलीही बाजू घ्या, आधी ‘नो मोअर रॅन्सम’वर आपल्या प्रकाराची किल्ली फुकट आहे का ते बघा. युरोपोल आणि डच पोलिसांनी काही सुरक्षा कंपन्यांसह २०१६ मध्ये ती साइट सुरू केली. आमच्या प्रकाराची तिथे नव्हती. म्हणून फॉरमॅट मारण्याआधी लॉक झालेल्या डिस्कची प्रत काढून ठेवली, आणि दर काही महिन्यांनी मी तिथे पुन्हा बघतो.