लहान मुलांना कोल्ड्रिंक द्यावं का: पूर्ण बंद, कधीतरी थोडं, की त्याऐवजी दुसरं काही?

मागच्या आठवड्यात नणंदेचा फोन आला. तिची लेक साडेतीन वर्षांची, एका लग्नात कुणीतरी लाडाने तिच्या हातात कोल्ड्रिंकचा ग्लास दिला आणि आता ती रोज "ते गुदगुल्यावालं पाणी" मागते. नणंद विचारत होती, वहिनी तू तुझ्या दोघांना देतेस का, आणि देत नसशील तर चार लोकांत कसं निभावतेस. फोनवर नीट सांगता आलं नाही, आणि हा प्रश्न इंदूरात उन्हाळा लागला की घराघरात निघतोच, मग सगळंच सविस्तर लिहितेय.

आधी वय, कारण अर्धा निर्णय तिथेच होतो. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची जी संघटना आहे, इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, तिने २०१९ मध्ये सांगितलंय की २ वर्षांच्या आतल्या बाळाला ज्यूस नको आणि गोड पेयंही नकोत. २ ते ५ वयाला दिवसाला जास्तीत जास्त १२५ मिली आणि पुढे २५० मिली, पण ती वरची हद्द आहे, रोज द्या असं नाही, शक्यतो टाळाच असंच त्यांचं म्हणणं. एनर्जी ड्रिंक तर १८ वर्षांपर्यंत अजिबात नाही. माझं मत त्यांच्याहून थोडं कडक आहे, ५ वर्षांपर्यंत कोल्ड्रिंक नाहीच.

का ते सांगते. कोलाच्या १०० मिलीत साधारण १०-११ ग्रॅम साखर असते, म्हणजे २५० मिलीच्या छोट्या बाटलीत २६-२७ ग्रॅम, चहाचे साडेसहा चमचे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१६ मध्ये २ वर्षांपुढच्या मुलांसाठी वरून घातलेल्या साखरेची दिवसाची हद्द २५ ग्रॅम सांगितली, म्हणजे एका छोट्या बाटलीत दिवसाचा कोटा संपून वर थोडं जास्तच झालं, आणि सकाळच्या पोह्यांबरोबरची जलेबी अजून मोजलीच नाहीये! शिवाय कोलात कॅफीन असतं, तेवढ्याच बाटलीत साधारण २५ मिलीग्रॅम, मोठ्यांना ते काहीच नाही पण १४-१५ किलोच्या मुलीला पुष्कळ झालं, संध्याकाळी दिलं की रात्री अकरापर्यंत डोळे टक्क उघडे. आणि पोट केवढंसं असतं त्यांचं, गॅस आणि साखरेने भरलं की पोळी-भाजी तशीच ताटात राहते.

दातांचं कुणी बोलत नाही म्हणून बोलते. कोल्ड्रिंक चांगलंच आंबट असतं, कोलाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) अडीचच्या आसपास, आणि दातावरचं कवच साडेपाचच्या खाली विरघळायला लागतं. दुधाच्या दातांचं कवच पक्क्या दातांपेक्षा पातळ असतं. बरं, एकदम पिऊन टाकलं तर नुकसान कमी, पण बाटली हातात धरून तासभर घोट घोट घेत बसलं की तेवढा वेळ दात आंबटात. लगेच ब्रशही करू नये, आधी पाण्याने चूळ, ब्रश अर्ध्या-पाऊण तासाने.

आता बाकीचे पर्याय शेजारी ठेवून बघू, कारण बऱ्याच घरांत कोल्ड्रिंक बंद करून जे आणतात ते काही फार वेगळं नसतं. पुड्यातलं मँगो ड्रिंक घ्या. आंब्याचं चित्र असतं, गॅस नाही, कॅफीन नाही, त्यामुळे आजी-आजोबा निर्धास्त देतात, पण मागचं लेबल वाचलं तर साखर कोलाइतकीच, कधी त्याहून जास्त. माझ्या मोठ्याला मी दोन वर्षं ते डब्याबरोबर दिलं, फळ आहे म्हणून, ह्याचं मला अजून वाईट वाटतं. शंभर टक्के ज्यूसमध्ये वरून साखर नसली तरी फळातली साखर सुटी होऊन येते आणि चोथा गेलेला असतो, त्यापेक्षा संत्रं सोलून द्या.

शुगर फ्री कोल्ड्रिंकचं काय? साखर शून्य हे खरं, पण आंबटपणा तसाच राहतो, कोला असेल तर कॅफीनही, आणि जिभेला अतिगोडाची सवय ती लागतेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवायला साखरेऐवजी घालतात ते असे स्वीटनर वापरू नका असं सांगितलं. मुलांना तर मी देणारच नाही.

उसाचा रस, दुधाची शिकंजी? आपल्या इंदूरच्या सराफा बाजारातली शिकंजी म्हणजे घट्ट दूध, केशर, मेवा, पोटभरीचा गोड पदार्थच तो, त्यात निदान दूध आहे, पण तहान भागवायला नाही. उसाचा रस ताजा असला तरी साखरेचं पाणीच, आणि तो बर्फ कुठल्या पाण्याचा कोण जाणे.

राहिलं घरचं. ताक सगळ्यात वरचढ, साखर नाही, मीठ आहे, जिरं आहे, उन्हातून आलेल्या मुलाला अजून काय पाहिजे. लिंबू सरबत आणि पन्हं ह्यांतही साखर किंवा गूळ आहेच, पण चमचा आपल्या हातात असतो, २०० मिलीच्या ग्लासात दोन छोटे चमचे म्हणजे ८-१० ग्रॅम, कोलाच्या निम्म्याहून कमी. गुळाचं आहे म्हणून कितीही चालतं असं मात्र नाही. आणि ज्याला बुडबुड्यांचीच मजा हवी त्याला साधा सोडा, लिंबू, मीठ, किंचित साखर. माझा आठ वर्षांचा ह्यावर खूश आहे, त्याला गॅसच हवा होता हे मला फार उशिरा कळलं.

एक गोष्ट मधेच पण महत्त्वाची. मुलाला जुलाब लागले की अजून लोक कोल्ड्रिंक देतात, पोट बसतं म्हणून. प्लीज देऊ नका! एवढी साखर आतड्यात पाणी ओढून घेते, जुलाब वाढतात. ओआरएस म्हणजे जुलाबात द्यायचं मीठ-साखरेचं पाणी, त्याच्या एका लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं आणि सोबत मीठ मोजून, कोलाच्या लिटरमध्ये साखर १०० ग्रॅमच्या वर आणि मीठ जवळपास नाही. आणि ओआरएसची पुडीच घ्या, गोड तयार पेयांवर ओआरएस लिहून विकायचे, ते २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने, बंद करायला सांगितलं.

आता खरी अडचण, पूर्ण बंद की कधीतरी. पूर्ण बंदीचा फायदा म्हणजे रोजची घासाघीस नाही, चवच माहीत नसली तर मूल मागत नाही, म्हणून पाच वर्षांच्या आत बंदी सोपी जाते. पण शाळेत जायला लागलं, वाढदिवस सुरू झाले की तीच बंदी उलटते. फिशर आणि बर्च ह्या दोघी संशोधकांनी १९९९ मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांवर प्रयोग करून दाखवलं की समोर दिसतंय पण हात लावायचा नाही अशा खाऊकडे मुलं जास्तच ओढली जातात. आमच्या ओळखीतला एक मुलगा, घरी कडक बंदी, वाढदिवसाला गेला की एका कोपऱ्यात चार ग्लास रिचवायचा.

"कधीतरी" ह्या पर्यायाची गडबड अशी की कधीतरी म्हणजे कधी हे ठरवलं नाही तर शनिवारी छप्पन दुकानला खायला गेलो म्हणून, रविवारी पाहुणे आले म्हणून, बुधवारी मॅच आहे म्हणून, असं होत होत रोजचं होतं. आमच्याकडे मोठ्यासाठी ठरलंय, महिन्यात एकदा, बाहेरच, जेवणाबरोबर, छोटा ग्लास, आणि घरच्या फ्रीजमध्ये बाटली नाही, मोठ्यांसाठीसुद्धा नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं कारण ह्यांना रात्री जेवणानंतर लागायचं. पण बाबा पितात आणि मला का नाही, ह्याला उत्तर नसतं हो.

सासरे म्हणायचे आम्ही गोटी सोडा पीत मोठे झालो, काय झालं आम्हाला. त्यांच्याशी वाद नाही घातला, विचारलं की किती वेळा प्यायचात. तर उन्हाळ्यात राजवाड्याला गेलं की एखादा, काचेची बाटली तिथेच पिऊन परत करायची. आता दोन लिटरची बाटली घरात असते आणि खाली दुकानात दहा-वीस रुपयांना मिळते. हे त्यांचं त्यांनाच पटलं, आणि स्वतःला डायबिटीस असल्यामुळे नातवंडांबद्दल आता तेच जास्त जपतात.

नणंदेची लेक लहान आहे, एकदाच चाखलंय, तीन-चार आठवडे घरात दिसलं नाही तर विसरेल, म्हणून तिला मी सरळ बंदच सांगितलं, सोबत गुदगुल्या हव्या तर दोन घोट साधा सोडा-लिंबू. मुलगा सात-आठ वर्षांचा असता तर महिन्यातून एकदावालं सांगितलं असतं.

वैशाखात आमच्याकडे पुतण्याची मुंज आहे. आचाऱ्याला आत्ताच सांगून ठेवलंय, मुलांच्या उंचीच्या टेबलावर मठ्ठा आणि पन्ह्याचे छोटे ग्लास, आणि कोल्ड्रिंक ज्यांना हवंच असेल त्यांच्यासाठी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला. नणंदेला म्हटलं लेकीला घेऊन बिनधास्त ये.