रोझेन्थालचा ‘फॉर्म 2000’: जुना सेट घेण्याआधी

बव्हेरियातल्या झेल्ब गावच्या रोझेन्थाल या जर्मन पोर्सेलिन (चिनी माती) कंपनीसाठी रेमंड लोवी आणि रिचर्ड लॅथम या डिझायनरांनी 1954 मध्ये हा कप, किटली, ताटल्यांचा सेट रेखला. कॉफीची किटली डमरूसारखी कमरेत आवळलेली, कप बुडाशी निमुळते. इतका देखणा घाट त्या काळातही विरळाच. मात्र ही कमरच धुताना त्रास देते. कॉफीचा थर तिथेच धरतो, म्हणून लांब दांड्याचा मऊ ब्रश हवाच. जुना डाग असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून किटली रात्रभर भरून ठेवा.

नुसत्या ‘2000’ या आकड्यावर विसंबू नका. आर्झबर्ग या दुसऱ्या जर्मन कंपनीचा, हाइनरिख लोफेलहार्टने घडवलेला ‘2000’देखील 1954चाच, पण तो गोलसर. भांडे उलटे करून कंपनीचा शिक्का वाचा.

भांडे तळहातावर मोकळे धरून नखाने टिचकी मारा. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला तर कुठेतरी तडा आहे. मग दिव्यासमोर धरून कानाच्या सांध्याभोवती केसासारखी चीर शोधा. तोटीचे टोक आणि झाकणाची आतली कड यांवरून बोट फिरवा, टवके तिथेच उडतात. झाकण हरवले तर जोडीचे मिळणे कठीण. झाकण नसलेली किटली स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

नक्षीचा प्रश्न वेगळा. पोर्सेलिनची झिलई, म्हणजे वरचा काचेसारखा थर, सुमारे 1400 अंश सेल्सिअसला पक्की होते. झिलईवरची रंगीत नक्षी आणि सोनेरी कड नंतर साधारण 800 अंशांवर भाजतात. त्यामुळे ती वरच राहते, डिशवॉशरमध्ये फिकट होते, सुरीने खरवडली जाते. असे तुकडे हातानेच धुवा, बेसिनच्या तळाशी घडी घातलेला टॉवेल ठेवा. सोनेरी काठाचे मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नको.

ताटल्यांवरच्या करड्या रेषा पाहून लगेच नाकारू नका. बहुतेकदा तो सुरीचा धातू असतो, भांडी घासायच्या सौम्य पावडरच्या लेपाने निघतो. नख अडकले तर मात्र झिलईच कापली गेली आहे, ती भरून येत नाही.

वापरायचा असेल तर पांढराच घ्यावा. नक्षीचा फक्त मांडून ठेवायला. आणि रोज कपाटातून काढून परत रचायचा असेल, तर निक रोएरिख्टने 1959 मध्ये उल्मच्या डिझाइन शाळेत पदविकेसाठी केलेला, पुढे थोमास कंपनीने काढलेला ‘टीसी 100’ हा सेट बघा. त्याचे कप एकावर एक नीट बसतात. फॉर्म 2000चे तसे बसत नाहीत.